भिंतीत गाडायची ती पाईप, केबल नव्हे

पत्र: नमस्कार काका. जुळे सोलापुरात आमचं नवीन घर झालं, राहायला येऊन दोन महिने झाले. हॉलचं पीओपी तेवढं राहिलंय. पुण्याच्या मुलानं ७७ इंची ओएलईडी टीव्ही घेऊन दिला. सेट-टॉप बॉक्स, मुलाचं प्लेस्टेशन ५ आणि स्पीकरचा रिसीव्हर हे सगळं जिन्याखालच्या कपाटात ठेवायचं ठरलंय, कारण दोन वर्षांचा नातू दिसेल ती वायर ओढतो, आणि इथली धूळ तर तुम्हाला माहीतच आहे. कपाटापासून टीव्ही वीस फुटांवर. इलेक्ट्रिशियननं १५ मीटरची एचडीएमआय केबल बाराशे रुपयांना आणून दिली. पाकिटावर ‘२.१ व्हर्जन, ८के’ असं छापलंय. सध्या ती फरशीवरूनच टाकलीय. चॅनेल छान दिसतात. पण मुलगा सुट्टीला आला आणि त्यानं गेम लावला की पाच-दहा मिनिटांनी पडदा काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी चित्र परत येतं. पंख्याचं बटण दाबलं तरी कधीकधी असंच होतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो, “वायर म्हंजे वायर की, खोट टीव्हीतच आहे.” दुकानदार म्हणतो, सोन्याचा मुलामा असलेली सोळा हजारांची केबल घ्या. आमच्या यजमानांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ते म्हणतात, काय असेल ते एकदाच चांगलं घ्या आणि भिंतीत गाडून टाका, परत बघायला नको. पुढच्या आठवड्यात पीओपीवाला येतोय. काय करावं?
– एक गृहिणी, जुळे सोलापूर

ताई, आधी एक फोन करा. पीओपीवाल्याला आठ दिवस पुढची तारीख द्या. तो कुरकुरेल, पण एकदा छत बंद झालं की नंतर केबल बदलायला त्याच छताला भोक पाडावं लागेल आणि तेव्हा त्याची कुरकुर बिलात दिसेल.

आता टीव्हीवरचा आळ. तुमच्या पत्रावरून टीव्ही निर्दोष वाटतो, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, एका संध्याकाळीत खात्री करून घ्या. प्लेस्टेशनच्या खोक्यात एक केबल आलेली असते, जेमतेम दीड मीटरची. बहुतेक घरांत ती खोक्यातच पडून राहते. ती शोधा, प्लेस्टेशन उचलून टीव्हीच्या खाली टेबलावर ठेवा आणि रिसीव्हर मध्ये न घेता त्या आखूड केबलनं थेट टीव्हीला जोडा. मुलगा पुण्याला परत गेला असेल तर शेजारच्या एखाद्या पोराला बोलवा, दोन तास फुकट गेम खेळायला कोणी नाही म्हणत नाही. पडदा एकदाही काळा झाला नाही, तर टीव्हीही बरा आणि प्लेस्टेशनही बरं. मग गुन्हेगार एकतर ती १५ मीटरची केबल, नाहीतर रिसीव्हर. रिसीव्हरही टीव्हीपाशी आणा, तशीच आणखी एक आखूड केबल घेऊन तो मध्ये घाला आणि तोही तपासून घ्या. जुना रिसीव्हर ४के चित्र सेकंदाला साठ वेळा पुढे पाठवतो, पण एकशेवीस वेळा पाठवायचं म्हटलं की हात वर करतो. तसा असेल तर सोन्याची काय, हिऱ्याची केबल लावूनही उपयोग नाही.

टीव्हीच्या मागची भोकंही बघा. महागड्या टीव्हीतसुद्धा काही वेळा चारपैकी दोनच पूर्ण वेगाची असतात आणि त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात ‘४के १२०’ असं काहीतरी छापलेलं असतं. शिवाय त्या भोकाचा पूर्ण वेग सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. कोणी त्याला ‘डीप कलर’ म्हणतं, कोणी ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. हे बंद ठेवून केबल तपासली तर कुठलीही केबल पास होते, आणि दुकानात दाखवताना नेमकं हेच होतं.

पाकिटावरच्या ‘२.१ व्हर्जन’बद्दल बोलतो. एचडीएमआयच्या आवृत्त्या यंत्रांच्या असतात, केबलच्या नसतात. नियमानं केबलवर आवृत्तीचा आकडा छापायलाच परवानगी नाही. म्हणजे ज्या पाकिटावर ‘२.१’ मोठ्या अक्षरात आहे, त्यानं पहिला नियम पाकिटावरच मोडलाय. केबलला तिच्या वेगाच्या वर्गाचं नाव असतं. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिट. या दोन्हींचं प्रमाणपत्र असतं. अस्सल अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या खोक्यावर चमकणारं लेबल आणि क्यूआर कोड असतो, तो एचडीएमआयच्या स्वतःच्या सर्टिफिकेशन अ‍ॅपवर तपासता येतो. केबलच्या अंगावरही ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे शब्द छापलेले हवेत. खोक्यावर आहे आणि अंगावर नाही, तर ठेवून या. आणखी एक, तपासणी नेमक्या लांबीची होते. त्याच कंपनीची २ मीटरची केबल पास झाली म्हणून १५ मीटरची पास झाली असं होत नाही.

तुमच्या यजमानांना हे सांगायला मला जास्त सोपं जाईल, म्हणून त्यांना शेजारी बसवून पुढचं वाचा.

४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि गेम १२०वर लावला की ते सगळे सेकंदाला १२० वेळा नव्यानं पाठवायचे. इतका माल न्यायला केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात. पूर्ण ४८ गिगाबिट म्हणजे प्रत्येक जोडीवर १२, सेकंदाला १२ अब्ज वेळा हो-नाही. तांब्याच्या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या साधारण सत्तर टक्के वेगानं धावतो. हिशेब केला तर एकेक बिट, म्हणजे एकेक हो किंवा नाही, तारेवर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर जागा घेतो. शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. तुमच्या फरशीवरच्या १५ मीटरच्या केबलमध्ये पूर्ण वेगात एका जोडीवर कुठल्याही क्षणी असे साडेआठशेच्या आसपास बिट एकामागोमाग धावत असतील. इतक्या वेगाचा सिग्नल तारेच्या नुसत्या पृष्ठभागावरून जातो, वाटेत तांब्यात आणि वरच्या प्लॅस्टिकमध्ये त्याची उष्णता होत राहते, आणि पुढचा बिट मागच्यात पसरतो, ओल्या कागदावर शाईचा ठिपका पसरावा तसा. टीव्हीपाशी पोचेपर्यंत हो कुठलं आणि नाही कुठलं हे कळेनासं होतं.

जुन्या पद्धतीच्या सिग्नलमध्ये असं झालं की पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे. ताण्याचा धागा तुटला तरी माग चालू राहिला आणि टॉवेलभर रेघ उठली, त्यातला प्रकार. नव्या पद्धतीत लहानसहान चुका टीव्ही स्वतः दुरुस्त करून घेतो, म्हणून तुम्हाला ठिपके दिसत नाहीत, चित्र एकदम झकास दिसतं. चुका आवाक्याबाहेर गेल्या की माग थांबतो. धागा तुटल्यावर आपोआप थांबणारा माग असतो ना, तसा. पडदा काळा, दोन्ही यंत्रं पुन्हा एकमेकांशी ओळख करून घेतात, दोन-तीन सेकंदांत चित्र परत. तुमच्या पत्रातले ते दोन-तीन सेकंद हेच आहेत. आणि पंख्याच्या बटणात ठिणगी पडते, तिचा धक्का केबलला लागतो. धडधाकट केबल तो पचवते. तुमची आधीच काठावर उभी आहे.

सेट-टॉप बॉक्सचे चॅनेल चांगले का दिसतात, तेही यातूनच कळेल. त्यांचा माल फारच कमी. ती केबल त्या कामाला उत्तम आहे. फेकू नका, वरच्या खोलीत साधा टीव्ही असेल तर तिथं वापरा.

मग जाड तांब्याची केबल घेतली तर? जाडीचा आकडा केबलवर ‘एडब्ल्यूजी’ असा असतो आणि तो आपल्या सुताच्या काउंटसारखाच उलटा चालतो. २० काउंटपेक्षा ४० काउंटचं सूत बारीक, तसं २४पेक्षा ३० नंबरची तार बारीक. जाड तारेनं थोडं अंतर वाढतं, हे खरं. पण केबल बोटासारखी जाड आणि ताठ होते, टीव्हीच्या मागच्या नाजूक भोकावर तिचा भार लटकतो आणि वर्षभरात भोकच ढिलं होतं. साध्या तांब्यात ४८ गिगाबिट ३ मीटरपर्यंत निर्धास्त, फार तर ५ मीटर. १८ गिगाबिट चांगल्या केबलमध्ये सात-आठ मीटर ओढता येतात. तुमचं अंतर या दोन्हींच्या पलीकडचं आहे. सोन्याचा मुलामा टोकाला असतो, त्यानं टोक गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग. वाटेत हरवलेला बिट सोन्यामुळे परत येत नाही, आणि डिजिटल केबलनं काळा रंग जास्त काळा किंवा साडीचा लाल जास्त लाल होत नाही. चित्र येतं किंवा येत नाही. सोळा हजारांचं काय ते दुकानदाराला विचारा: १५ मीटरला ४८ गिगाबिटचं प्रमाणपत्र आहे का? त्यानं विषय बदलला तर चहा घेऊन घरी या.

तुम्हाला हवी ती ऑप्टिकल एचडीएमआय केबल. बाहेरून साधीच दिसते, उलट पातळ असते. आत त्या चार जोड्यांच्या जागी काचेचे किंवा प्लॅस्टिकचे चार तंतू असतात. एका टोकाच्या डोक्यात इवलासा लेझर असतो, तो विजेच्या सिग्नलचा प्रकाश करतो. दुसऱ्या टोकात त्याचा डोळा असतो, तो प्रकाशाची पुन्हा वीज करतो. प्रकाशाला पाच मीटर काय आणि वीस मीटर काय, फरक पडत नाही. हळू चालणारी कामं, म्हणजे रिमोटचे हुकूम, आवाज परत आणणं, दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखणं, यांसाठी बहुतेक ऑप्टिकल केबलमध्ये बारीक तांब्याच्या तारा सोबत असतातच. किंमत काही हजारांत जाते, सोळा हजारांची गरज नाही. तिलाही ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं प्रमाणपत्र मिळतं, तेच लेबल बघून घ्या. आणि खोक्यावर ‘ई-आर्क’ चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. टीव्हीतल्या अ‍ॅपवर तुम्ही सिनेमा लावाल तेव्हा त्याचा आवाज याच केबलमधून उलटा कपाटातल्या रिसीव्हरपर्यंत जायचा आहे. स्वस्त ऑप्टिकल केबल नेमक्या इथं दगा देतात.

या केबलला तोंड आणि शेपूट असते, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. सात-आठ वर्षांपूर्वी विजापूर रोडला मेहुण्याच्या घरी मीच शहाणपणा करून अशी केबल ओढली. पाईपमधून व्यवस्थित आली, दोन्हीकडची भोकं पुट्टीनं बुजवली, घरातले सगळे सोफ्यावर बसले, मेहुण्याच्या हातात चहाचा ट्रे. टीव्हीवर ‘नो सिग्नल’. भोक बदललं, सेटिंग बदललं, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. चहा निवला. शेवटी बॅटरी घेऊन टीव्हीच्या मागे डोकं घातलं तर टीव्हीत खुपसलेल्या टोकावर तांदळाएवढ्या अक्षरात लिहिलेलं, ‘सोर्स’. लेझर टीव्हीच्या बाजूला आणि डोळा प्लेअरच्या बाजूला. केबल परत ओढायला गेलो, वळणावर टोक अडकलं, मी हिसका दिला आणि शेंग सोलावी तशी टोकाची टोपी निघून हातात आली. आत केसाएवढे तंतू. मेहुणा काही बोलला नाही, पण बायको अजून बोलते.

तर, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कपाटातल्या रिसीव्हरकडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीकडे. ओढायच्या आधी दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा, टीव्हीकडचीला लाल, म्हणजे शिडीवर उभं राहून तांदूळ निवडत बसायला नको.

लांबी मोजायला टेप घेऊ नका, सुतळी घ्या. तुम्ही वीस फूट म्हणता ते सरळ अंतर. केबल सरळ जाणार नाही, कपाटातून आठ फूट वर छतात जाईल, वीस फूट आडवी, मग पाच फूट खाली टीव्हीपर्यंत. झाले तेहतीस. दोन्हीकडे निदान दोन-दोन फूट मोकळी हवी, म्हणजे टीव्ही पुढे ओढून मागे हात घालता येईल. सदतीस फूट, सव्वाअकरा मीटरच्या वर. १० मीटरची केबल तोकडी पडेल, म्हणून १५ मीटरची घ्या. तांब्यात प्रत्येक जादा मीटर महागात पडतो, ऑप्टिकलमध्ये त्याचं काही वाटत नाही. उरलेली केबल कपाटात ताटाएवढ्या मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवा. आवळून बांधू नका.

दोन केबल मध्ये जोड लावून लांब करू नका. भिंतीवर जोडाचा सॉकेट बसवून तिथून दुसरी केबल, हेही नको. दिसायला नीट दिसतं, पण तो जोडच असतो. भिंतीतून सरळ केबलच बाहेर येऊ द्या, भोकावर ब्रशची पट्टी असलेली प्लेट मिळते ती लावा, धूळही कमी येते. इंटरनेटच्या केबलवरून एचडीएमआय नेणारे डबेही असतात. ते शंभर मीटरपर्यंत नेतात, पण त्यातले चांगलेही १८ गिगाबिटपर्यंतच, म्हणजे तुमच्या मुलाच्या १२०च्या गेमला अपुरे. मंगल कार्यालयाच्या पडद्याला ठीक.

आता यजमानांच्या ‘गाडून टाका’कडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे. केबल ही बल्बसारखी वस्तू आहे, ती कधीतरी जाणारच. ऑप्टिकलच्या डोक्यात लेझर आहे, चिप आहे, टीव्हीच्या मागे ती तापतात. पाच वर्षांनी जाईल, दहा वर्षांनी जाईल. किंवा ती जाणार नाही, पण गरज वाढेल. एचडीएमआय २.२ तर आलंच आहे, त्यात वेग दुप्पट, ९६ गिगाबिट. भिंतीत गाडायची ती पाईप. आणि ती दीड इंची, म्हणजे ४० मिलिमीटरची. तुमचा इलेक्ट्रिशियन लायटीसाठी इंची पाईप टाकतो, तीच इथंही टाकायला बघेल. तिच्या आत एचडीएमआयचं डोकं कसंबसं शिरतं आणि पहिल्याच वळणावर अडतं. वळणांना प्लंबरचा काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवा. आतले तंतू वाटीच्या तोंडाएवढ्या गोलाईपेक्षा जास्त मुडपू नयेत. काच तुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त चित्र येत नाही. भिंतीत झिरी मारताना कॉलम आणि बीमला हात लावू देऊ नका. आणि या पाईपमध्ये लायटीची वायर घुसवायची नाही. इलेक्ट्रिशियन म्हणेल, एवढी मोठी पाईप रिकामीच आहे की. असू दे रिकामी. घालायचीच असेल तर टीव्हीला इंटरनेटसाठी एक कॅट ६ केबल घाला, आणि हे अगदी विसरू नका, एक नायलॉनची दोरी आरपार टाकून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा. पाच वर्षांनी नवी केबल ओढताना ती दोरी म्हणजे निम्मी मजुरी वाचली. नवी केबल ओढताना तिच्यासोबत पुन्हा एक दोरी आत जाऊ द्यायची, नाहीतर त्याच्या पुढच्या वेळी पंचाईत.

ओढताना दोरी डोक्याला बांधू देऊ नका. माझ्या हातात टोपी आली ती अशीच. डोक्यावर कापूस आणि प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची, दोरी डोक्याच्या मागे हातभर केबलच्या अंगाला चिकटपट्टीनं गुंडाळायची, म्हणजे ताण अंगावर येतो, डोकं नुसतं मागून येतं. एक जण ओढणारा, एक जण दुसरीकडून सरकवणारा. अडलं की थांबायचं, मागे घ्यायचं, फिरवून परत. सोबत थोडी टाल्कम पावडर. घाई करणाऱ्या पोऱ्याला त्या वेळी विड्या आणायला पाठवा.

पण हे सगळं नंतर. केबल घरी आली की आधी ती फरशीवर टाका, आत्ता जुनी टाकलीय तशीच, पूर्ण १५ मीटर, सैल. दोन्ही यंत्रं बंद करून लावा, मग चालू करा. टीव्हीत पूर्ण वेगाचं सेटिंग, प्लेस्टेशनवर ४के, एचडीआर, १२०. सलग दोन-तीन तास चालू द्या. मध्ये पंखा चालू-बंद करा, ट्यूब लावा, मिक्सर फिरवा, एसी असेल तर तोही. टीव्हीतल्या अ‍ॅपवर सिनेमा लावून आवाज रिसीव्हरमधून येतो का बघा. टीव्ही बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करा, सकाळी पुन्हा एकदा करा. काही केबल गरम असताना चालतात आणि थंड सुरुवातीला अडतात. दुकानदाराकडून ‘चालली नाही तर परत’ हे बिलावर लिहून घ्या. भिंतीत गेलेली केबल कोणी परत घेत नाही, आणि त्याचं चूकही नाही.

एक विचार सुचवतो, पटला तर घ्या. सगळंच कपाटात ठेवायला हवं का? सेट-टॉप बॉक्स आणि रिसीव्हर कपाटात, आणि प्लेस्टेशन तेवढं टीव्हीखाली उंचावर एका बंद पण जाळीच्या कप्प्यात, नातवाच्या हाताबाहेर, खोक्यातल्याच दीड मीटरच्या केबलनं थेट टीव्हीला. मग छतातल्या लांब केबलवर १८ गिगाबिटपेक्षा जास्त ओझं येतच नाही आणि तुमचा रिसीव्हर जुना निघाला तरी बदलावा लागत नाही. गेमचा आवाज त्या ई-आर्कनं रिसीव्हरला जाईल. दिसायला यजमानांना आवडणार नाही कदाचित. मी मात्र माझ्या घरी असंच केलंय.

आणि कपाटातच ठेवणार असाल तर त्या कपाटाच्या दाराला वर आणि खाली जाळी कापून घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस असतं, जिन्याखालच्या बंद कपाटात रिसीव्हर आणि प्लेस्टेशन दोन्ही तापले की आत पापड भाजता येतील. यंत्र तापलं की स्वतःहून बंद पडतं आणि तुम्ही पुन्हा केबलला शिव्या द्याल. जाळीच्या आतून बारीक फोम लावा, महिन्याला झटकून घ्या, धुळीचं तेवढंच.

वळवाच्या पावसाचंही सांगून ठेवतो. पहिल्या गडगडाटात गच्चीवरच्या डिशच्या वायरीतून झटका सेट-टॉप बॉक्समध्ये उतरतो आणि तिथून एचडीएमआयच्या तांब्यातून पुढे. असे उडालेले पोर्ट मी भरपूर पाहिलेत. ऑप्टिकल केबलमध्ये चित्राची वाट काचेची असली तरी सोबतच्या बारीक तांब्याच्या तारा असतातच, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. घराचं अर्थिंग तपासून घ्या, डिशला अर्थिंग करून घ्या, आणि ढग वाजायला लागले की डिशची वायर आणि प्लग दोन्ही काढा. ७७ इंची टीव्हीचा बोर्ड बदलण्यापेक्षा दोन प्लग काढणं बरं.

पीओपीवाला आला की पाईप, बेंड आणि दोरी आधी जागेवर आहे ना ते शिडीवर चढून स्वतः बघा, आणि छत बंद व्हायच्या आत पाईपच्या वाटेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. पुढे कोणी झुंबर लावायला ड्रिल घेऊन आला की तो फोटो त्याच्या हातात द्या. केबल आणल्यावर लेबलाबद्दल शंका आली तर लेबलाचा आणि केबलच्या अंगावरच्या अक्षरांचा फोटो मला पाठवा, बघून सांगतो.